इतरांचे काम

मी खिडक्या विकतो. एकोणीस वर्षं झाली.
सेंट जॉन्सपासून वर बोनाविस्टापर्यंत
गाडीच्या मागच्या सीटवर चौकटींचे कापलेले कोपरे,
रबराच्या पट्ट्या, आणि कॅटलॉगांचा तो गठ्ठा
जो आर्किटेक्ट मंडळी हसून ठेवून घेतात
आणि दाराला अडसर म्हणून लावतात.
इथला वारा दार विचारून उघडत नाही.

त्यांना बोल नाही लावत.
मी बोलायचो तेही सगळं माझ्याच काचेबद्दल:
तीन थर, मध्ये आर्गॉन, पंचवीस वर्षांची हमी.
समोरची बाई घड्याळ बघतेय हे दिसायचं,
तरी पान उलटायचो.

मग ती शाळा.
तिसऱ्या हिवाळ्यात वाचनालयाच्या खिडकीखाली
भिंतीला पोट आलं.
एका पोराने बोट दाबून पाहिलं,
बोट आत गेलं.

चौकशीला तीन नकाशे पसरले टेबलावर.
माझ्या कंपनीचा: खिडकीखालचा पत्रा, इतरांचे काम.
भिंतवाल्या ठेकेदाराचा: पत्र्यामागचा पडदा, इतरांचे काम.
जोसेफीन हाइन्स, आर्किटेक्ट, तिचा:
दोहोंमधला सांधा, इतरांचे काम.
तिघांच्या सह्या. तिघांचंही बरोबर.
आणि पाणी, ज्याला अक्षर वाचता येत नाही,
ते सरळ त्या इतरांच्या घरी
बिऱ्हाड करून राहिलं होतं.

त्या रात्री क्लॅरनव्हिलच्या मोटेलात
पेट्रोलच्या पावत्यांच्या पाठीवर लिहीत बसलो.
विक्रीचं काही नाही. नुसते प्रश्न,
कुणीतरी एखाद्या मंगळवारी विचारायला हवे होते असे.
उंबऱ्याचा उतार बाहेर आहे ना? मोजला कुणी?
आधी पडदा की आधी चौकट?
धुक्यात, दोन अंशांवर, ओल्या लाकडाला
ही चिकटपट्टी धरते का? लावून पाहिली,
की पाकिटावर वाचली?
खिडकी उशिरा आली तर भोक कशाने झाकणार?
आणि शेवटी, दोनदा अधोरेखित:
इतर म्हणजे कोण? नाव लिहा. फोन लिहा.

एकच पान. वरचं कंपनीचं चिन्ह मी काढलं.
साहेब म्हणाला, मग यात आपलं काय?
मला उत्तर आलं नाही. अजूनही नीटसं येत नाही.

जोसेफीनने उभ्याउभ्याच वाचलं.
चौकशीनंतर ती माझ्याशी बोलत नव्हती,
बसायलाही म्हणाली नाही.
पेन्सिल घेतली आणि सहावा प्रश्न खोडला.
"हा प्रश्न नाही, लिओ. ही जाहिरात आहे."
होतीच.
मग सातव्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिलं:
हे कामाच्या जागी नको, माझ्या टेबलावरच विचार,
रेघ ओढायच्या आधी.

पुढे तिने दवाखान्याचं काम काढलं,
समुद्राकडे तोंड करून, मिठाच्या तडाख्यात.
पान घेऊन बसलो दोघं, अकराव्यापाशी अडलो.
त्या भिंतीला लागणारी खिडकी
माझी कंपनी करत नाही.
कोण करतं ते मला पाठ होतं.
चहा गार होईपर्यंत गप्प होतो,
मग त्यांचं नाव लिहिलं, फोनही लिहिला.
त्या तिमाहीचा माझा आकडा
मी बायकोलासुद्धा सांगितला नाही.

परवा गँडरच्या अलीकडे फोन वाजला.
कुणी तरणा आर्किटेक्ट, नाव फिनियन,
माझं पान त्याला कुठून मिळालं देव जाणे,
छायाप्रतीची छायाप्रत, म्हणाला, कडा काळ्या झाल्यात.
खाली कुणीतरी दोन प्रश्न जोडलेत
एक बर्फाचा, एक पक्ष्यांचा.
माझे नव्हेत. चांगले आहेत.

म्हणाला, एक विचारू?
पाचानंतर एकदम सात आहे.
छापताना एक राहून गेला का?

मी इंडिकेटर दिला,
गाडी खडीवर घेतली, वायपर बंद केले.
सांगायला जरा वेळ लागणार होता.